फळीवरचा बॉल

आलापल्लीच्या श्रावण मिस्त्रीच्या दुकानात एक पूल टेबल आहे, आणि त्याला नाव ठेवायची गावात कोणाची टाप नाही. अस्सल सागवानाचं टेबल. पाय असे की त्यावर हत्ती बसवावा. मिस्त्रीला नुसतं विचारा, तो रंधा खाली ठेवील, चष्मा कपाळावर चढवील आणि सगळा इतिहास पहिल्यापासून सांगेल. सांगता सांगता त्याचं बोट भिंतीवरच्या फळीकडे जाईल. तिथं पॉलिशच्या डब्यांशेजारी एक पांढरा बॉल ठेवलेला आहे.

“तो पाहा,” मिस्त्री म्हणेल, “वाकडा बॉल. बिरजू सेठचा.”

बिरजू सेठ अहेरीचा ठेकेदार. बारा वर्षांपूर्वी तो लॉज बांधत होता आणि लॉजमध्ये त्याला पूल टेबल हवं होतं. नागपूरहून आणलं तर महाग, कारण खऱ्या टेबलाच्या हिरव्या कापडाखाली दगडाची फरशी असते. श्रावण त्याला म्हणाला, “सेठ, ज्याईच्या गावात सागवान नाई त्याईले दगड लागते. मी तुमाले लाकडावर बनवून देतो.” सेठला ते पटलं. फक्त घाई होती, महिन्याभरात पाहिजे होतं.

चार रुंद फळ्या जोडून टेबलाचा पाट करायचा होता. तीन फळ्या श्रावणकडे होत्या, चार वर्षं सावलीत वाळवलेल्या. चौथी नव्हती. चौथी त्याने नव्या थप्पीतून घेतली. उचलली तेव्हाच तिचं वजन हाताला लागलं. ओली होती. तीस वर्षं लाकूड उचललेला हात खोटं कशाला सांगेल? पण सेठचा रोज फोन येत होता आणि श्रावणला वाटलं, चालून जाईल. खिडकीच्या बाजूला त्याने ती बसवली, वरून कापड ताणलं आणि खिळे ठोकून टाकले.

सेठ टेबल न्यायला आला तोवर दीड महिना होऊन गेला होता. त्याने सोबत बॉल आणले होते. त्यातला पांढरा त्याने टेबलाच्या मधोमध ठेवला आणि बोटाने हलकेच ढकलला. बॉल हातभर सरळ गेला आणि मग कोणी हाक मारावी तसा खिडकीकडे वळला. दुकानात चार-पाच जण होते, त्यांत झिंगू वनरक्षकही होता. सगळ्यांनी बॉलकडे पाहिलं आणि मग मिस्त्रीकडे.

“बॉल वाकडा हाय, सेठ,” श्रावण म्हणाला.

तोंडातून निघून गेलं. सेठ हसला, इतका हसला की त्याला खोकला आला. टेबल तिथंच टाकून तो गेला, रागारागात बॉलही नेले नाहीत. झिंगूने मात्र मिस्त्रीची बाजू घेतली. “आपल्या मिस्त्रीचा टेबल वाकडा कसा राहीन? शहराचा माल हाय तो बॉल, प्लास्टिकचा,” असं त्याने चौकात चार लोकांना सांगितलं आणि चारांनी चाळीसांना. आठवड्याभरात सगळ्या आलापल्लीला माहीत झालं की बिरजू सेठचा बॉल वाकडा होता. मग श्रावणने तो बॉल भिंतीवरच्या फळीवर ठेवला. नवा पांढरा बॉल मागवला आणि दुकानाच्या अर्ध्या जागेत ते टेबल कायमचं मांडून टाकलं.

टेबलाची ती चौथी फळी बदलणं एका दिवसाचं काम होतं. खिळे काढायचे, कापड उचलायचं, वाळलेली फळी घालायची. पण दुकानात कोणी ना कोणी बसलेलंच असायचं, आणि उघडं टेबल पाहून पहिल्यानं विचारलं असतं, काऊन जी मिस्त्री, काय झालं? त्या एका प्रश्नाच्या भीतीने एक दिवसाचं काम बारा वर्षं पडून राहिलं. माणूस किती आळशी असतो म्हणावं, तर श्रावण आळशी नव्हता. तो भित्रा होता.

आणि या बारा वर्षांत त्या टेबलावर त्याची पोरगी शिकली.

रिना तेव्हा अकरा वर्षांची होती. टेबलाच्या कडेला हनुवटी टेकायची. पहिली स्टिक तिला बापानेच करून दिली, उरलेल्या सागवानाची, वर शिसमाची मूठ. चौदाव्या वर्षी ती बापाला हरवू लागली आणि सतराव्या वर्षी रविवारी खेळायला येणाऱ्या सगळ्यांना. अहेरीहून पोरं मोटारसायकली काढून यायची आणि तोंड पाडून जायची. जोरात मारलेला बॉल काय, टेबल कसंही असो, सरळच जातो. हळू बॉल मात्र रिना जरासा खिडकीच्या विरुद्ध अंगाला मारायची, दोन बोटं, आणि तो वळून बरोबर होलमध्ये जायचा. असं मार म्हणून तिला कोणी सांगितलं नव्हतं. हाताने आपलं आपण शिकून घेतलं होतं. लोक म्हणायचे, पोरीच्या हातात जादू आहे. श्रावण मान हलवायचा आणि खिडकीकडे बघायचं टाळायचा.

बी.एस्सी. होऊन रिना गावातल्या सेतू केंद्रात कामाला लागली, आणि टूर्नामेंटला जायचं खूळ तिच्या डोक्यात शिरलं. चंद्रपूर, बल्लारपूर, गडचांदूर, वरोरा. जिथं म्हणून एन्ट्री मिळेल तिथं. तिकडचे खेळाडू वर्षानुवर्षं चांगल्या टेबलांवर खेळलेले, नागपूरला जाऊन आलेले. आई, कांता, म्हणायची, “कायले जाते व तू हराले?”

“अनुभवाले, आई. भारी लोकाईशीच खेळाव लागते. गावात जिंकून काय होते? हरलं तर समजते आपलं कुठी चुकते.”

पहिल्या वर्षी अनुभव हा शब्द ऐकायला बरा वाटला. पाच टूर्नामेंट झाल्या, पाचही वेळा ती पहिल्याच फेरीत हरून आली, आणि त्या शब्दाचा पार चोथा झाला. सेतू केंद्राचा मालकसुद्धा सुट्टी देताना डोळा मारून विचारू लागला, “अनुभवाले काय?”

हरून आली की ती घरी न जाता आधी दुकानात यायची. श्रावण कामात असल्यासारखं करायचा.

“कशी हरली?”

“थोडक्यात.”

“कोन्या बॉलवर?”

रिना त्याच्याकडे नीट बघायची. “हळूच्या.”

मग ती तशीच उभी राहायची, पाठीवरची बॅग न उतरवता, दोन मिनिटं, तीन मिनिटं. श्रावण रंधा उचलायचा आणि नीट असलेल्याच फळीवरून पुन्हा फिरवायचा. भुसा उडायचा. शेवटी ती घरात निघून जायची. बल्लारपूरहून आली तेव्हा तर किती वेळ उभी होती कोण जाणे. प्रत्येक वेळी श्रावण ठरवायचा की आता सांगू, आणि प्रत्येक वेळी मूग गिळून बसायचा.

सहावी टूर्नामेंट पुन्हा चंद्रपूरची होती. सोळा खेळाडू. पहिली मॅच जिंकणारे आठ जण क्लबच्या टीममध्ये जाणार, आणि टीम नागपूरला. एक मॅच, बस. रिनाने आईला सांगितलं की ही शेवटची. यात नाही जमलं तर स्टिक फळीवर ठेवून देईन, अनुभव पुरे झाला.

“तुमीच जा न तिच्या संगं एक खेप,” कांता श्रावणला म्हणाली. “इतका टेबल बनवला पोरीसाठी, पोरगी खेळते कशी ते तर पाहा.”

टेबल पोरीसाठी बनवलं नव्हतं, पण हेही आता घरात खरं होऊन बसलं होतं. श्रावणला नाही म्हणता येईना.

निघायच्या सकाळी त्याने एक विचित्र गोष्ट केली. दुकानात जाऊन फळीवरचा बॉल काढला आणि खिशात घातला. का घातला, हे त्याचं त्यालाही धड सांगता आलं नसतं. एखादी गोष्ट बारा वर्षं लोकांना सांगत राहिलं की ती सांगणाऱ्यालाही अर्धीमुर्धी खरी वाटायला लागते. कोण जाणे, बॉल खरंच वाकडा असेल. फळी ओली होती हे खरं, पण बॉलही वाकडा असू शकतो की! तिथं चंद्रपूरला दगडाच्या टेबलावर पाहून घेऊ. बॉल हातात घेतल्यावर त्याच्या लक्षात आलं की डब्यांवर बोटभर धूळ आहे आणि बॉल बऱ्यापैकी स्वच्छ. कांताने पुसला असेल, असं म्हणून त्याने विचार सोडून दिला.

एसटीत रिना खिडकीशी बसली होती, स्टिकची पिशवी गुडघ्यांत धरून. आष्टीपर्यंतचा रस्ता खनिजाच्या ट्रकांनी पार उखडून ठेवलेला, माणूस सीटवर कमी आणि हवेत जास्त. गोंडपिपरी सुटल्यावर रस्ता जरा बरा लागला.

“बाबा,” रिना म्हणाली, “तुमाले काई सांगाचं हाय काय? खेळाबद्दल?”

श्रावणने खिशातला बॉल चाचपला. तळहात पँटला पुसत तो म्हणाला, “घाबरू नको. तुझा हात चांगला हाय.”

“बस?”

“बस म्हणजे? अजून काय?”

रिना पुन्हा बाहेर बघायला लागली. बल्लारपूरची चिमणी दिसली तेव्हा तिने स्टिकची पिशवी खांद्याला अडकवली.

क्लब एका मोठ्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर होता. चार टेबलं, प्रत्येकावर लांब लटकणारे दिवे, आणि भिंतींना एकही खिडकी नाही. लोक अजून जमत होते. रिना नाव नोंदवायला गेली तेव्हा श्रावण कोपऱ्यातल्या रिकाम्या टेबलापाशी गेला. आधी त्याने कापडावर तळहात ठेवला. कापडाखाली थंड, मुकं, कधीही न हलणारं काहीतरी होतं. आजूबाजूला कोणी पाहत नाही असं बघून त्याने खिशातला बॉल काढला, मधोमध ठेवला आणि बोटाने ढकलला. बिरजू सेठने ढकलला होता तसाच, हळूच.

बॉल सरळ गेला. सुतारी दोरी ताणून रेघ मारावी इतका सरळ. पलीकडच्या कडेला लागला आणि त्याच रेघेवरून परत येऊन त्याच्या बोटापाशी थांबला. श्रावणने पुन्हा ढकलला, आडवा ढकलला, कोपऱ्यातून ढकलला. बॉलमध्ये तिळभर खोट नव्हती. मग त्याने तो उचलून खिशात टाकला आणि भिंतीशी मांडलेल्या खुर्चीत जाऊन बसला. त्याला फार लाज वाटली. वाटली म्हणजे काय, मान वर करवेना, आणि समोर पोरगी स्टिकला खडू लावत उभी होती.

चिठ्ठीत तिच्यासमोर नाव आलं प्रणितचं. चंद्रपूरचा जुना खेळाडू, पस्तिशीचा, पोट सुटलेला, पण टेबलाभोवती मांजरासारखा फिरायचा. पाच फ्रेम, ज्याने तीन जिंकल्या तो पुढे.

पहिली फ्रेम रिनाने अशी जिंकली की बघे टेबलाजवळ सरकले. श्रावण मात्र सुताराच्या डोळ्याने बघत होता आणि त्याला दुसरंच दिसत होतं. पोरगी सगळंच जोरात मारत होती. जिथं हलक्या हाताचं काम होतं तिथंही फटका. दुसऱ्या फ्रेमला तिला हळू मारावंच लागलं, आणि बॉल होलच्या ओठाला लागून बाहेर राहिला. तिसऱ्या फ्रेमला तेच, टेबलाच्या दुसऱ्या टोकाकडून. पहिल्या खेपेला तो तिच्या उजवीकडे चुकला होता, या खेपेला डावीकडे. बघणाऱ्यांना वाटलं असेल, पोरगी गडबडली, कधी इकडे मारते कधी तिकडे. पण श्रावणला कळलं. चूक दोन्ही वेळा एकाच भिंतीकडे होती. त्या भिंतीच्या समोरच्या कोऱ्या भिंतीत आलापल्लीची खिडकी आहे असं धरून तिचा हात खेळत होता. तिथं खिडकी नव्हती, ओली फळी नव्हती, काहीच नव्हतं. बापाचं खोटं पोरीच्या मनगटात शिरून चंद्रपूरपर्यंत आलं होतं.

चौथी फ्रेम तिने पुन्हा जोरावर काढली. दोन-दोन.

पाचव्या फ्रेमला टेबलावर तिचा शेवटचा काळा राहिला, कोपऱ्यातल्या होलपासून हातभर अंतरावर, आणि पांढरा त्याच्या मागे. शाळकरी पोरानेही मारावा असा. फक्त जोरात मारायची सोय नव्हती, कारण जोरात मारलं तर काळ्याच्या मागोमाग पांढराही होलात गेला असता आणि मॅच हातची गेली असती. हळूच मारायचा होता. हळू आणि सरळ.

रिना वाकली, पुन्हा उभी राहिली. खडू लावला. परत वाकली. मग तिने मान वळवून बापाकडे पाहिलं. क्षणभरच, पण पुरतं पाहिलं.

एक शब्द होता. सरळ. “सरळ मार, रिना.” मॅच चालू असताना बाहेरच्याने बोलायचं नसतं, हे भिंतीवर लिहिलेलंही होतं, आणि श्रावणला तेवढं निमित्त पुरलं. त्याने तोंड उघडलं आणि मिटलं. खिशातला बॉल त्याने मुठीत घट्ट धरला होता.

बॉल गेला. हळूच, छान, आणि दोन बोटं त्याच भिंतीकडे. काळा होलच्या कडेवर आपटून बाहेर येऊन थांबला. प्रणितने उठून उरलेलं काम एका मिनिटात आटोपलं.

पण माणूस चांगला होता. हात मिळवून झाल्यावर तो रिनाला घेऊन श्रावणपाशी आला. “काका, पोरगी खतरनाक खेळते. हात एकदम फर्स्ट क्लास. पण हळू बॉल टेबलाच्या एकाच अंगाले जाते तिचा, दरवेळी तेवढाच. हे हाताचं नाई, टेबलाचं हाय. कुठी शिकली? तो टेबल एकदा लेव्हल लावून पाहा.”

झालं. कोणी आयतं ताट वाढून समोर ठेवावं तशी वेळ आली होती. नुसतं हो म्हणायचं होतं. श्रावण पोरीकडे पाहत होता, आणि त्याच्या तोंडून बारा वर्षांच्या सवयीने निघालं, “टेबल चांगला हाय. सागवानी हाय. मी सोता बनवला.”

प्रणित ओशाळला. “नाई, म्हणजे मी आपलं म्हटलं…”

“टेबल चांगला हाय, दादा,” रिना म्हणाली. “माझाच हात वाकडा हाय.”

ती हे शांतपणे म्हणाली आणि स्टिक पिशवीत भरायला लागली. श्रावणला कोणी चारचौघांत थोबाडीत मारली असती तरी बरं वाटलं असतं. परतीच्या एसटीत दोघं मागेपुढे बसले, जागा शेजारी असूनही.

दुसरा दिवस रविवार होता. श्रावण सकाळीच दुकान उघडून बसला. लोखंडी कपाटातून त्याने पाण्याची लेव्हल काढली, जी त्याने गावातल्या प्रत्येक दाराला, प्रत्येक पलंगाला लावली होती आणि या टेबलाला कधीच लावली नव्हती. कापडावर ठेवली. काचेतला बुडबुडा सरकत सरकत रेघेच्या पार बाहेर गेला. बघायची गरज नव्हती, तरी तो बघत बसला.

रिना चहा घेऊन आली. लेव्हल तिला दिसली. तिने कप खिडकीत ठेवले.

“रिना,” श्रावण म्हणाला. लेव्हल त्याने तिच्याकडे सरकवली. “टेबल वाकडा हाय. चवथी फळी ओली होती. मले तवाच माहीत होतं.”

“मले माहीत हाय.”

“कवापासून?”

“बल्लारपूरपासून. दोन वर्सं झाली. तो बॉल नेला होता मी तिथी.” तिने भिंतीवरच्या फळीवरच्या रिकाम्या जागेकडे बोट दाखवलं. “मले वाटे, खरंच वाकडा असंन तर बरं होईल. त्याईच्या टेबलावर सोडून पाहला. मंग आणून जसाच्या तसा ठेवून देल्ला.”

श्रावणला तो स्वच्छ बॉल आठवला. कांताने पुसला नव्हता तर.

“मंग काऊन नाई सांगितलं मले?”

“तुमी सांगान म्हणून.” रिना खिडकी सोडून टेबलापाशी आली. “दर खेपेला इथी येऊन उभी राहो मी. तुमी विचारा कोन्या बॉलवर, मी म्हणो हळूच्या. मले वाटे, आज सांगतीन. आज तरी सांगतीन. कालही वाटलं. काळ्यावर वाकली तवा तुमच्याकडे पाहलं मी. तुमी सरळ मार म्हटलं असतं न बाबा, तर माझी मॅच गेली असती बोलल्यामुळे, तरी चाललं असतं मले.”

श्रावणच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते त्याने बाहीने पुसलं आणि घाईघाईने म्हणाला, “आज काढतो फळी. एका दिवसाचं काम हाय, रिना. संध्याकाळपर्यंत सरळ करून देतो टेबल.”

“टेबल होईल एका दिवसात,” ती म्हणाली. “हाताचं काय? मले माहीत हाय वाकडा जाते म्हणून, दोन वर्सापासून माहीत हाय, तरी हात ऐकत नाई. बारा वर्सं लागली त्याले शिकाले.”

श्रावणने कपाटातून जंबूर आणला, खिडकीच्या बाजूने टेबलाखाली वाकला आणि कापडाचा पहिला खिळा धरला. गंजला होता. ओढताना करकरला.

तेवढ्यात दारात चपला वाजल्या. रविवारची मंडळी यायची वेळ झाली होती आणि पहिला नेहमी झिंगू असायचा. आता रिटायर झालेला, हातात वेळच वेळ. दारातूनच तो ओरडला, “काय व रिना, आणला काय अनुभव?” मग त्याला वाकलेला मिस्त्री दिसला, हातातला जंबूर दिसला. “काऊन जी मिस्त्री? टेबल काऊन उघडून राह्यले? काय झालं?”

तोच प्रश्न. अगदी त्याच शब्दांत, बारा वर्षं उशिरा.

रिना काहीतरी सांगायला पुढे झाली. कापड बदलतोय, जुनं झालं, असंच काही ती सांगणार होती, बापाला सांभाळून घ्यायची तिलाही आता सवय झालेली. श्रावणने हात वर करून तिला थांबवलं. टेबलाखालून बाहेर येताना त्याचे गुडघे वाजले. त्याने खिशात हात घातला, पांढरा बॉल काढला आणि टेबलाच्या मधोमध, बिरजू सेठने ठेवला होता तिथं ठेवला.

“पाहा झिंगूभाऊ,” तो म्हणाला, आणि बोटाने बॉल ढकलला.

बॉल हातभर सरळ गेला आणि खिडकीकडे वळला. कडेला टेकून थांबला. झिंगूने बॉलकडे पाहिलं, मग मिस्त्रीकडे, त्या दिवशी पाहिलं होतं तसंच.

“हा तर सेठचा बॉल,” झिंगू म्हणाला. “वाकडाच हाय न तो. साऱ्या गावाले सांगितलं मी.”

“नाई,” श्रावण म्हणाला. “बॉल चांगला होता.”

झिंगू दारातच उभा राहिला, एक चप्पल पायात, एक बाहेर. रिनाने कोपऱ्यातून आपली स्टिक घेतली, बॉल उचलून परत मधोमध आणला आणि वाकली. हात दोन बोटं बाजूला गेला. तिने तो परत आणला, पुन्हा नेम धरला, आणि श्रावण तिच्या मागे जाऊन उभा राहिला.

“सरळ,” तो म्हणाला. “सरळ मार, रिना.”